उपरी हाफबॅक : एर्नो एग्री एर्बस्टाइन याच्या कारकिर्दीचा विचार

मराठ्यांच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास मिरासदार आणि उपरी हा भेद नव्याने सांगावयास नको. मिरासदाराची गावात वंशपरंपरेची जमीन असते, पांढरीत घर असते, गोतसभेत त्याच्या शब्दाला मान असतो. उपरी जमीन कसतो, सारा भरतो. परंतु गाव त्याचे नसते, आणि दिवस फिरले की प्रथम उठावे लागते ते त्यालाच. युरोपातील फुटबॉलचा इतिहास पाहिला तर तो आजवर बहुतांशी मिरासदारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे असे दिसते. अमुक शहराचा संघ, तमुक राष्ट्राचा संघ, त्यांनी जिंकलेली पदके आणि त्यांच्या नामांकित खेळाडूंची चरित्रे अशी त्याची मांडणी असते. या मांडणीत जो कोणत्याच गावाचा नव्हता त्याला जागा सापडत नाही. परंतु खेळण्याची रीत एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे काम पुष्कळसे अशाच माणसांनी केले. पोटासाठी संघ बदलीत हिंडणारे, बचावाच्या किंवा मध्यल्या फळीत खेळणारे आणि वय झाल्यावर प्रशिक्षकाचा पेशा पत्करणारे हे सामान्य प्रतीचे खेळाडू होते. त्यांपैकी एकाची, एर्नो एग्री एर्बस्टाइन याची, कारकीर्द प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतली आहे. खेळाचा इतिहास हा विद्यापीठीय संशोधनाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका घेणारे विद्वान आपल्याकडे अद्याप आहेत. त्यांच्याशी वाद न घालता एवढेच म्हणतो की, दोन महायुद्धांमधील मध्य युरोपचा इतिहास ज्या सरहद्दींवर घडला, त्यांपैकी बहुतेक या माणसाला ओलांडाव्या लागल्या, आणि एक ओलांडू देण्यात आली नाही.

एर्बस्टाइनचा जन्म १३ मे १८९८ रोजी नॉज्वाराद येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने ते रुमानियाकडे गेले आणि आज ओरादेआ या नावाने ओळखले जाते. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, स्वतः न हालता, त्याचे जन्मगाव परदेशात गेले. तो वाढला बुडापेस्टमध्ये. पहिल्या महायुद्धात त्याने साम्राज्याच्या सैन्यात नोकरी केली, नंतर रोखेबाजारात काम केले, आणि बुडापेस्टच्या बी. ए. के. या क्लबाकडून तो हाफबॅकच्या जागी खेळला. खेळाडू म्हणून त्याची योग्यता बेताची होती. हंगेरीच्या राष्ट्रीय संघात त्याला कधी स्थान मिळाले नाही, आणि मिळावयास हवे होते असेही कोणी म्हटलेले नाही.

मात्र हाफबॅक या जागेविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. त्या काळी संघाची रचना गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड अशी असे. हाफबॅक अर्धा बचावात आणि अर्धा चढाईत असे. चेंडू हिसकावून घेणे हे त्याचे एक काम आणि तो योग्य गड्याकडे पोहोचविणे हे दुसरे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. त्यापूर्वी चेंडू दिला जाण्याच्या क्षणी पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे तिघे असावे लागत, ते आता दोघे पुरेसे झाले. त्याबरोबर इंग्लंडमध्ये, विशेषतः आर्सेनलच्या संघात, मधला हाफबॅक मागे ओढला गेला आणि तो निखळ बचावपटू बनला. या रचनेला तिच्या आकारावरून डब्ल्यू-एम असे म्हणू लागले. इटलीत तिला ‘सिस्तेमा’ हे नाव पडले. तेथे रूढ असलेल्या जुन्या रचनेचे नाव ‘मेतोदो’ होते व तीत मधला हाफबॅक अद्याप खेळाचा सूत्रधार होता. एर्बस्टाइनची खेळण्याची वर्षे संपत आली आणि प्रशिक्षणाची सुरू होणार होती, नेमक्या त्याच वेळी त्याच्या जागेचे स्वरूप पालटत होते. ज्या कामात आपण उमेदवारी केली त्याचा अर्थच बदलू लागला म्हणजे माणसास त्या कामाविषयी विचार करणे भाग पडते. या पिढीतील हाफबॅकमधून इतके प्रशिक्षक निघाले, याचे एक कारण येथे शोधावे असे मला वाटते.

दुसरे कारण बुडापेस्ट शहराचे आहे. लँकाशरचा जिमी होगन हा पहिल्या महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अडकून पडला असता बुडापेस्टच्या एम. टी. के. या क्लबाने त्याला आपल्याकडे प्रशिक्षक म्हणून आणले. चेंडू जमिनीलगत ठेवावा, लहान लहान पास द्यावेत, चेंडूवर ताबा मिळविण्यापूर्वीच तो पुढे कोणाकडे द्यावयाचा हे ठरवावे, ही स्कॉटिश परंपरेची शिकवण त्याने तेथे रुजविली. एर्बस्टाइन होगनचा प्रत्यक्ष शिष्य नव्हता. पण ज्या शहरात उपाहारगृहांत बसलेली मंडळी फुटबॉलच्या रचनेवर वाद घालीत, त्या शहरात तो तरुण होता. बेला गुट्मान आणि आर्पाद वाइस हे त्याचे समवयस्क त्याच वातावरणातले.

मग ही माणसे बुडापेस्ट सोडून का गेली? केवळ अधिक पैशासाठी गेली असे म्हणणे सोपे आहे व ते काही अंशी खरेही आहे. परंतु त्रियानोंनंतरच्या हंगेरीने आपला दोन-तृतीयांश प्रदेश गमावला होता, चलन कोसळले होते, आणि १९१९ च्या फसलेल्या साम्यवादी क्रांतीनंतर सूडाचे जे सत्र सुरू झाले त्याचा मोठा रोख ज्यूंवर होता. १९२० च्या कायद्याने विद्यापीठांत त्यांच्या प्रवेशावर मर्यादा घालण्यात आली. हंगेरीत व्यावसायिक फुटबॉलला उघड मान्यता १९२६ मध्ये मिळाली. तोवर क्लबकडून मिळणारे पैसे चोरवाटेने येत. अशा स्थितीत १९२४ साली एर्बस्टाइन फ्युमे येथील ऑलिंपिया या क्लबात दाखल झाला. तेही शहर त्याच वर्षी इटलीच्या राज्यास जोडले गेले होते. पूर्वी हंगेरीच्या मुकुटाचे बंदर असलेल्या गावी हंगेरियन माणूस परकी म्हणून आला, हा योग इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथून तो व्हिचेंत्सा येथे गेला.

ऑगस्ट १९२६ मध्ये इटालियन फुटबॉलची घटनाच बदलणारी व्हिआरेज्जोची सनद प्रसिद्ध झाली. फॅसिस्ट राजवटीने खेळाची सूत्रे हाती घेतल्याचा तो जाहीरनामा होता. तिने उत्तर व दक्षिण इटलीतील संघांना एका राष्ट्रीय स्पर्धेत आणण्याची दिशा ठरविली, खेळाडूंना मोबदला घेण्यास आडून मान्यता दिली आणि परकी खेळाडूंवर प्रथम मर्यादा व नंतर, १९२८ पासून, बंदी घातली. दक्षिण अमेरिकेत जन्मलेल्या इटालियन वंशाच्या खेळाडूंना मात्र दार उघडे राहिले. बंदीचा रोख मुख्यतः हंगेरियन व ऑस्ट्रियन खेळाडूंवर होता. परंतु या सनदेने प्रशिक्षकांना हात लावला नाही. परिणामी ज्या हंगेरियनाला मैदानात उतरता येत नव्हते त्याला मैदानाच्या कडेला उभे राहता येत होते. इटलीत १९३० च्या सुमारास हंगेरियन प्रशिक्षकांचा जो सुळसुळाट दिसतो, त्याचे श्रेय ‘डॅन्यूबची प्रतिभा’ अशा भावनात्मक शब्दांत देण्याचा प्रघात आहे. या कागदाचा त्यातील वाटा त्यामानाने दुर्लक्षित राहिला. राष्ट्राभिमानाने काढलेल्या फर्मानाने परक्यांना घालविण्याऐवजी त्यांना गुरूच्या आसनावर बसविले!

एर्बस्टाइनने मध्यंतरी अमेरिका गाठली व ब्रुकलिन वाँडरर्स या संघाकडून तो खेळला. त्या वर्षांत न्यूयॉर्कला मध्य युरोपच्या फुटबॉलचे वेड लागले होते. १९२६ च्या मे महिन्यात व्हिएन्नाच्या हाकोआ या ज्यू क्लबाचा सामना पाहण्यास पोलो ग्राउंड्सवर सेहेचाळीस हजारांचा समुदाय जमला होता. गुट्मानही याच लाटेबरोबर तेथे राहिला. एर्बस्टाइन मात्र लौकरच परतला आणि १९२८ पासून इटलीच्या दक्षिण टोकाकडील संघ शिकवू लागला. बारी, नोचेरा, सार्डिनिया बेटावरील कालियारी आणि पुन्हा बारी असा त्याचा क्रम आहे. या पाच वर्षांपैकी सांगण्याजोगी गोष्ट एकच : १९३१ मध्ये कालियारीचा संघ त्याच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीत चढला. बाकी सर्व उमेदवारीच्या खटपटी होत.

१९३३ साली तो लुक्का येथे आला. तोस्कानातील हे एक जुने, अखंड तटबंदीचे, छोटेखानी शहर. तेथील लुक्केझे हा संघ त्या वेळी तिसऱ्या श्रेणीत होता. पहिल्याच हंगामानंतर, १९३४ मध्ये, तो दुसऱ्या श्रेणीत आणि १९३६ मध्ये पहिल्या श्रेणीत गेला. १९३६-३७ च्या हंगामात, मिलान, रोम आणि तुरीन येथील धनाढ्य क्लबांच्या पंक्तीत, त्याने सातवे स्थान मिळविले. हा त्या क्लबाच्या इतिहासातील उच्चांक होय.

हे कसे घडले असावे? येथे संघातील माणसांकडे पाहिले पाहिजे. गोलरक्षक आल्दो ऑलिव्हिएरी याला पादोव्हाकडून खेळत असता डोक्यास गंभीर इजा होऊन त्याच्या कवटीवर शस्त्रक्रिया झाली होती व त्याने खेळ सोडावा असे डॉक्टरांचे मत पडले होते. एर्बस्टाइनने त्याला लुक्क्यास आणले. त्याच्या हालचालींतील चपळाई परत यावी म्हणून त्याला नृत्य शिकण्यास सांगितले, अशी एक आठवण सांगण्यात येते. १९३८ च्या जूनमध्ये इटलीने पॅरिस येथे जगज्जेतेपद राखले तेव्हा तिचा गोल सांभाळणारा हाच ऑलिव्हिएरी होता, आणि तो त्या वेळी लुक्केझेचा खेळाडू होता. मध्यफळीतील ब्रूनो नेरी हा १९३१ साली फ्लॉरेन्सच्या नव्या क्रीडांगणाच्या उद्‌घाटनप्रसंगी रांगेतील सर्व खेळाडूंनी फॅसिस्ट पद्धतीने हात उंचावला असता हात खाली ठेवून उभा राहिला होता. त्या क्षणाचे छायाचित्र उपलब्ध आहे. इस्त्रियाचा ब्रूनो शेर हा साम्यवादी विचारांचा. आपल्या स्लाव्ह वळणाच्या आडनावास इटालियन शेपूट जोडण्यास त्याने नकार दिला होता. लीबेरो मार्कीनी हाही डाव्या मताचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या इटालियन संघात तो होता.

या नावांवरून लुक्केझे हे फॅसिझमविरोधी संघटन होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अलीकडील काही लेखकांना झाला आहे. मला तो मान्य नाही. एर्बस्टाइनने राजकीय हेतूने माणसे गोळा केली असे म्हणण्यास आधार नाही, आणि परदेशी ज्यू प्रशिक्षकाने ते साहस करणे संभवनीयही नव्हते. माझे अनुमान अधिक साधे आहे. ज्यांना मोठे क्लब एक तर घेत नाहीत किंवा घेऊन कंटाळतात, अशीच माणसे लहान गावच्या संघाला परवडतात. दुखापतीने मोडलेला गोलरक्षक, हट्टी हाफबॅक, नावावरून अधिकाऱ्यांशी तंटा मांडणारा सरहद्दीवरचा मनुष्य, हे सर्व त्या वेळच्या बाजारात उतरत्या भावाचे. त्यांचे मोल ओळखावयास जो स्वतः कधी चढत्या भावाचा नव्हता असा पारखी लागला. एर्बस्टाइनच्या शिकविण्याविषयी त्याच्या खेळाडूंनी जे सांगितले आहे त्याचा रोखही तिकडेच आहे. तो ओरडत नसे, प्रत्येकाशी वेगळे बोलत असे, शरीराच्या तयारीवर आणि चेंडूवरील ताब्यावर त्याचा भर असे, आणि सामन्यापूर्वी अंग तापविण्याचे व्यायाम तो कटाक्षाने करून घेई. आज या गोष्टी सामान्य वाटतात. त्या काळी पुष्कळ ठिकाणी मैदानाभोवती पळावयास लावणे, एवढ्यालाच प्रशिक्षण म्हणत.

१९३८ च्या उन्हाळ्यात तुरीनच्या तोरीनो या क्लबाने त्याला बोलाविले. ऑलिव्हिएरीही त्याच वर्षी तोरीनोत आला; नेरी एक वर्ष आधीच तेथे गेला होता. पुढच्याच हंगामात लुक्केझेची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली. गुरू गेला आणि संघ पडला, असा कार्यकारणभाव येथे सरळ दिसतो. पण चांगले खेळाडूही गेले होते, तेव्हा हा पुरावा निखळ नाही. तथापि पाच वर्षे तो संघ ज्या पातळीवर राहिला ती त्याची स्वाभाविक पातळी नव्हती, इतके तरी त्यावरून खचित म्हणता येते.

तुरीनमध्ये पाय ठेवतो न ठेवतो तोच वंशविषयक कायदे आले. ५ सप्टेंबर १९३८ च्या फर्मानाने ज्यू विद्यार्थी व शिक्षक यांना शाळांतून काढण्यात आले. एर्बस्टाइनला शाळेच्या वयाच्या दोन मुली होत्या. ७ सप्टेंबरच्या फर्मानाने, १ जानेवारी १९१९ नंतर इटलीत स्थायिक झालेल्या परकी ज्यूंनी सहा महिन्यांच्या आत देश सोडावा, असा आदेश दिला. दहा वर्षांपूर्वी ज्या राजवटीने परकी म्हणून खेळावयास मना केले व शिकविण्यास मुभा ठेवली, तिने आता ती मुभाही काढली. हंगाम पुरा होण्यापूर्वीच एर्बस्टाइनला संघ सोडावा लागला. तोरीनो त्या वर्षी बोलोन्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर राहिला.

तोरीनोच्या सूत्रधारांनी तोडगा काढला तो असा. रॉटरडॅमच्या झेर्क्सेस या क्लबात इग्नाट्स मोल्नार हा हंगेरियन प्रशिक्षक होता. त्याने तुरीनला यावे आणि एर्बस्टाइनने हॉलंडला जावे. मोल्नार आला. एर्बस्टाइन सहकुटुंब आगगाडीने निघाला, परंतु जर्मनीतून जाताना हॉलंडच्या सरहद्दीजवळ क्लेव्हे येथे त्याला अडविण्यात आले आणि पलीकडे प्रवेश मिळाला नाही. निरुपाय होऊन कुटुंब बुडापेस्टला परतले.

या जागी आर्पाद वाइस याची हकीकत शेजारी ठेवून पाहावी. वाइस एर्बस्टाइनहून पुष्कळ यशस्वी. १९३० मध्ये मिलानच्या आंब्रोझियाना-इंटर संघास आणि १९३६ व १९३७ मध्ये बोलोन्यास त्याने इटलीचे अजिंक्यपद मिळवून दिले होते. खेळाच्या शास्त्रावर एका सहलेखकाबरोबर त्याने ग्रंथही लिहिला होता. त्याच कायद्याने त्याला देश सोडावा लागला, आणि पॅरिसमार्गे तो हॉलंडमधील डोर्ड्रेख्त येथे पोहोचला. लहानशा क्लबाला शिकवून त्याने तेथेही नाव मिळविले. १९४० मध्ये जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरले. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये वाइसची पत्नी आणि दोन मुले आउशविट्झ येथे मारली गेली. वाइस स्वतः ३१ जानेवारी १९४४ रोजी तेथेच मरण पावला. ज्याला हॉलंडची सरहद्द ओलांडता आली त्याचे कुटुंब नष्ट झाले. ज्याला क्लेव्हेहून परत धाडले ते वाचले. यातून कोणताही नियम काढता येत नाही. त्या काळातील माणसांच्या निर्णयांना शहाणपणाचे किंवा अदूरदृष्टीचे माप लावणाऱ्या इतिहासकाराने मात्र या दोन प्रवासांपाशी थांबावे.

बुडापेस्टमध्ये एर्बस्टाइनने कापडाच्या व्यापारात उपजीविका केली. मार्च १९४४ मध्ये जर्मनांनी हंगेरी व्यापली. ऑक्टोबरात ॲरो क्रॉस या देशी नाझी पक्षाच्या हाती सत्ता गेली. एर्बस्टाइनला श्रमछावणीत टाकण्यात आले. पत्नी आणि मुली ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या आश्रयाने बचावल्या. वर्षाच्या अखेरीस, छावणीतील माणसांची जर्मनीकडे रवानगी होण्याचा सुमार आला तेव्हा, काही कैदी तेथून निसटले. त्यांत एर्बस्टाइन होता आणि बेला गुट्मानही होता. पुढे १९६१ व १९६२ साली लिस्बनच्या बेन्फिकाला युरोपीय चषक मिळवून देणारा गुट्मान तो हाच. या दिवसांविषयी गुट्मान आयुष्यभर फार थोडे बोलला. एर्बस्टाइनला बोलावयास वेळच मिळाला नाही.

आता वादाच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. युद्धानंतर एर्बस्टाइन तुरीनला परतला, आणि ज्या संघाला इटलीत आजही ‘महान तोरीनो’ म्हणतात त्याचा तो शिल्पकार होता असे अलीकडच्या चरित्रांतून प्रतिपादिले जाते. त्याची दोन चांगली चरित्रे या शतकात प्रसिद्ध झाली आहेत, एक इटालियनमध्ये व एक इंग्रजीत. पहिल्याच्या नावात त्याला ‘भटका प्रशिक्षक’ म्हटले आहे. ‘भटका ज्यू’ या जुन्या युरोपीय प्रवादाची छाया त्या शब्दावर उघड पडलेली आहे. दोन्ही लेखकांनी विस्मृतीतून एक माणूस वर काढला याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु विस्मृतीतून वर काढलेल्या माणसास एकदम सिंहासनावर बसविण्याची घाई बरी नव्हे.

वस्तुस्थिती अशी आहे. तोरीनोने १९४३, १९४६, १९४७, १९४८ आणि १९४९ अशी, युद्धामुळे पडलेला खंड वगळता, सलग पाच अजिंक्यपदे मिळविली. या काळात प्रशिक्षक म्हणून नोंदलेली नावे पाहिली तर आंद्राश कुत्तिक हा हंगेरियन, नंतर लुईजी फेर्रेरो, मारिओ स्पेरोने आणि शेवटच्या हंगामात इंग्रज लेस्ली लीव्हस्ली असे गृहस्थ आढळतात. एर्बस्टाइन तांत्रिक संचालक म्हणून पुढे येतो तो अखेरच्या काळात. १९३९ पासून क्लबाचा अध्यक्ष असलेला फेर्रुच्चो नोव्हो हा कारखानदार. त्याने १९४२ मध्ये व्हेनेझियाकडून व्हालेंतीनो मात्सोला आणि एझियो लोइक ही जोडी मिळविली, संघाला ‘सिस्तेमा’ रचना स्वीकारावयास लावली आणि क्लबाचा कारभार व्यापारी पेढीसारखा शिस्तीत आणला. मात्सोलासारखा कप्तान असताना प्रशिक्षकाचा वाटा वेगळा काढणे कठीणच. युद्धाच्या वर्षांत एर्बस्टाइन पडद्याआडून नोव्होस सल्ला देत होता, या विधानाचा आधार बहुतांशी कुटुंबीयांच्या व क्लबाच्या परंपरेतील आठवणी हाच आहे. ज्या माणसाचे नाव कायद्याने कागदावर येणे शक्य नव्हते त्याच्याविषयी कागद मागणे अन्यायाचे, हे खरे. पण म्हणून आठवणीला कागदाचा दर्जा देता येत नाही.

या संघाची थोरवी वादातीत आहे. १९४७-४८ च्या हंगामात चाळीस सामन्यांत त्याने १२५ गोल केले. ११ मे १९४७ रोजी तुरीन येथे इटलीने हंगेरीचा ३-२ असा पराभव केला त्या दिवशी राष्ट्रीय संघातील अकरांपैकी दहाजण तोरीनोचे होते. हे यश अनेकांचे होते व त्यांत एर्बस्टाइनचा भाग होता, इतकेच सुरक्षितपणे म्हणता येईल. माझ्या मते त्याची खरी योग्यता तुरीनवरून ठरवूच नये. ती लुक्क्यावरून ठरवावी. तुरीनमध्ये पैसा होता, मात्सोला होता, नोव्हो होता. लुक्क्यात यांपैकी काही नव्हते. तेथे जे घडले त्याचा दुसरा दावेदारही कोणी पुढे आलेला नाही. परंतु लुक्क्याला सातवे स्थान मिळाले आणि तुरीनला दंतकथा, आणि चरित्रकार दंतकथेकडे ओढले जातात. एक लहान गाव पाच वर्षे आपल्या ऐपतीहून वर राहिले, हे यश पदकांच्या यादीत दिसत नाही.

३ मे १९४९ रोजी तोरीनोचा संघ लिस्बन येथे बेन्फिकाविरुद्ध मैत्रीचा सामना खेळला. पोर्तुगीज कप्तान फ्रान्सिस्को फेरैरा याच्या सन्मानार्थ तो योजिला होता. दुसऱ्या दिवशी परतताना तुरीनवर दाट ढग व पाऊस होता, आणि सायंकाळी पाचच्या सुमारास त्यांचे विमान शहराबाहेरील सुपेर्गा टेकडीवरील चर्चच्या मागील भिंतीवर आदळले. एकतीसजण मरण पावले. त्यांत अठरा खेळाडू, तीन वृत्तपत्रकार, एर्बस्टाइन आणि लीव्हस्ली होते. प्रेतांची ओळख पटविण्याचे काम राष्ट्रीय संघाचा जुना सूत्रधार व्हित्तोरिओ पोत्सो याच्यावर आले. एर्बस्टाइनला एकावन्न वर्षे पुरी होण्यास नऊ दिवस उरले होते. राहिलेले चार सामने तोरीनोच्या कुमार संघाने खेळले. प्रतिपक्षांनीही आपापले कुमार संघच उतरविले, आणि अजिंक्यपद तोरीनोकडे राहिले. एर्बस्टाइनची मुलगी सुझान्ना एग्री हिने पुढे तुरीनमध्ये बॅले नृत्याची स्वतःची संस्था उभारली आणि तिच्या आठवणींवाचून वरील दोन्ही चरित्रे लिहिली जाणे कठीण होते.

लेस्ली लीव्हस्लीविषयी लिहिण्यासारखे बरेच आहे. येथे निर्देशच करतो. डोन्कास्टर, मँचेस्टर युनायटेड, चेस्टरफील्ड, टॉर्की आणि क्रिस्टल पॅलेस अशा क्लबांतून हिंडलेला हा हाफबॅक. मँचेस्टरच्या संघात त्याला अवघे दोन सामने मिळाले. एर्बस्टाइनशी त्याचे एका हंगामापुरते सूत जुळले, ते दोन फिरस्त्यांचे जुळावे तसेच. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तुरीनच्याच युव्हेंतुस या प्रतिस्पर्धी क्लबाने नवा प्रशिक्षक नेमला. जेसी कार्व्हर हे त्याचे नाव. ब्लॅकबर्न, न्यूकॅसल आणि बरी येथे तो सेंटर-हाफ म्हणून खेळला होता, आणि एर्बस्टाइनला जेथे पोहोचता आले नाही त्या रॉटरडॅमच्या झेर्क्सेस क्लबाचे प्रशिक्षकपद त्याने पूर्वी सांभाळले होते. १९५० साली युव्हेंतुसने अजिंक्यपद मिळविले, आणि लौकरच कार्व्हरही तेथून पुढे निघाला.